चंद्रावर ओझं वाहायचं कुणी?

आपण परदेशस्थ मंडळी घर बदलण्यात एव्हाना पटाईत झालेलो असतो. ट्रक भाड्याने घ्यायचा, चार मित्रांना पिझ्झाचं आमिष दाखवायचं, की दिवसभरात संसार इकडून तिकडे जातो. यात एक गोष्ट तुमच्याही लक्षात आली असेल. भारतातून जहाजाने निघालेला खोका हजारो मैल ओलांडून बंदरापर्यंत निमूट येतो. खरा घाम निघतो तो शेवटच्या टप्प्यात, ट्रकपासून दिवाणखान्यापर्यंत.

चंद्रावर वस्ती करू पाहणाऱ्यांपुढे आज हाच शेवटचा टप्पा उभा आहे. आर्टेमिस कार्यक्रमासाठी १२ ते १५ टन सामान एका खेपेत चंद्रावर उतरवू शकतील अशी मालवाहू यानं नासाला हवी आहेत. राहण्याचं घर, वीजकेंद्र, ऑक्सिजनच्या टाक्या, खोदकामाची यंत्रं असं सगळं त्यातून येणार. रॉकेटबद्दल आपण रोज वाचतो. पण यान उतरल्यावर ते बारा टनांचं घर उचलून जागेवर नेऊन ठेवणार कोण?

आजवर परग्रहांवर चाललेल्या गाड्यांची यादी काढा, म्हणजे प्रश्न किती मोठा आहे ते कळेल. आपला चांद्रयान-३ चा प्रज्ञान २६ किलोचा होता. सोव्हिएत संघाचा पहिला लुनोखोद ७५६ किलोचा. अपोलोच्या अंतराळवीरांनी १९७१ आणि १९७२ मध्ये चालवलेली गाडी स्वतः २१० किलोची होती आणि ती ४९० किलो भार वाहायची, म्हणजे सगळं मिळून ७०० किलो. मंगळावरचा पर्सिव्हिअरन्स १,०२५ किलोचा. याहून जड गाडी माणसाने दुसऱ्या ग्रहावर आजवर चालवलेलीच नाही. नासाने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका टिपणात ही दरी स्पष्ट मांडली आहे. सध्या तयार होत असलेली वाहनं साधारण ८०० किलो सामान हलवू शकतील, गरज मात्र २,००० ते ६,००० किलोची आणि पुढे त्याहूनही जास्त वाहण्याची पडणार आहे.

तुम्ही म्हणाल, चंद्रावर वजन सहापटीने कमी होतं, मग अवघड काय आहे? या लेखात आपण याच प्रश्नाच्या मागे जाणार आहोत. उत्तर अर्धं सोपं आहे आणि अर्धं चकवणारं.

यान दारातच का उतरवत नाहीत?

आधी एक शंका दूर करू. यान थेट वस्तीच्या अंगणात उतरवलं तर वाहतुकीचा प्रश्नच उरणार नाही, असं कुणालाही वाटेल. त्याचं उत्तर नोव्हेंबर १९६९ मध्येच मिळालं. अपोलो १२ चं यान सर्व्हेयर-३ या आधीच पोहोचलेल्या यंत्रयानापासून अवघ्या १६० मीटरच्या आसपास उतरलं. अंतराळवीरांनी सर्व्हेयरचे काही भाग सुटे करून पृथ्वीवर आणले. तपासणीत दिसलं की त्यांच्या पृष्ठभागावर बारीक खड्डे पडले आहेत, रंगाचा थर खरवडला गेला आहे. अपोलोच्या इंजिनाच्या झोताने उडवलेल्या धुळीने त्यावर जणू पॉलिशपेपर मारला होता.

चंद्रावर हवा नाही. त्यामुळे उडालेल्या कणाला थोपवायलाही काही नाही. इंजिनाने मारलेला कण बंदुकीच्या छर्‍यासारखा सरळ जातो आणि लांब जातो. पुढची याने अपोलोच्या यानापेक्षा कितीतरी मोठी असतील, त्यांचा झोतही मोठा असेल. शेजारी माणसं राहत असलेलं घर असेल, तर कुणीही यान तिथे उतरवणार नाही. उतरण्याची जागा वस्तीपासून दूर, शक्यतो एखाद्या टेकाडापलीकडे ठेवावी लागेल. म्हणजे प्रत्येक खेपेचं सामान किलोमीटर-दोन किलोमीटर किंवा जास्तही वाहून न्यावं लागणार.

सोपी बाजू: ताकद फारशी लागत नाही

समजा आपण तीन टनांचं एक वाहन बनवलं आणि त्यावर बारा टनांचं घर ठेवलं. एकूण पंधरा टन. चंद्रावर त्याचं वजन पृथ्वीवरच्या अडीच टनांइतकंच भरेल. मऊ मातीतून जाताना चाकाला जो विरोध होतो तो वजनाच्या पाचव्या भागाइतका धरू. वेग ठेवू ताशी दोन किलोमीटर, म्हणजे रमतगमत चालणाऱ्या माणसाहून कमी. आता हिशेब केला तर सपाट जमिनीवर लागणारी शक्ती येते सुमारे २.७ किलोवॉट.

ही किती, ते गावाकडच्या भाषेत सांगतो. विहिरीवर पाणी उपसायला पाच एचपीची मोटार असते, ती याहून मोठी. पाच किलोमीटरच्या प्रवासाला अडीच तास लागतील आणि वीज लागेल सात युनिटांच्या आत. मोटार आणि गिअरमध्ये निम्मी वाया जाते असं धरलं तरी चौदा युनिटं. तुमच्या दारातल्या इलेक्ट्रिक गाडीच्या बॅटरीत याच्या कितीतरी पट वीज मावते. मंगळावर गुरुत्वाकर्षण चंद्राच्या सव्वादोन पटींहून थोडं जास्त आहे, तर तिथे हे आकडे त्याच प्रमाणात वाढतील. तरीही आवाक्यातच राहतील.

म्हणजे इंजिनाची ताकद हा मुख्य प्रश्न नाही. मग अडतं कुठे?

अवघड बाजू: वस्तुमान कुठेही कमी होत नाही

शाळेत शिकलेला फरक इथे उपयोगाला येतो. वजन म्हणजे ग्रह एखाद्या वस्तूला किती जोराने खाली ओढतो ते. वस्तुमान म्हणजे त्या वस्तूत द्रव्य किती आहे ते. चंद्रावर वजन सहावा हिस्सा होतं, वस्तुमान तेवढंच राहतं. आणि चालू गाडी थांबवताना, वळवताना आपली गाठ वस्तुमानाशी असते.

ब्रेकचं उदाहरण घ्या. ब्रेक चाक थांबवतो, पण गाडी थांबवते ती चाकाची जमिनीवरची पकड. ही पकड वजनावर अवलंबून असते. चंद्रावर वजन कमी, म्हणून पकड कमी, आणि थांबवायचं वस्तुमान मात्र पूर्ण पंधरा टन. मातीची पकड वजनाच्या निम्मी धरली, तर ताशी वीस किलोमीटरने जाणारी गाडी पृथ्वीवर सुमारे तीन मीटरमध्ये थांबेल. तीच गाडी चंद्रावर एकोणीस मीटर घसरत जाईल. वळणाचंही तेच. त्याच वेगाने वळायचं तर वळणाची त्रिज्या सहापट मोठी हवी, नाहीतर गाडी घसरेल किंवा कलंडेल. अपोलो १६ च्या वेळी जॉन यंग यांनी चांद्रगाडी पळवली, तेव्हाची चित्रफीत तुम्ही पाहिली असेल. चाकं जमिनीवर कमी आणि हवेत जास्त, अर्थात तिथे हवा नाही! ७०० किलोच्या गाडीला ते शोभलं. पंधरा टनांचं घर पाठीवर असताना असल्या उड्या परवडणाऱ्या नाहीत. म्हणून अवजड वाहनाचा वेग मुंगीच्या पावलांचाच असणार.

गंमत अशी की उभी गाडी उतारावर कोणत्या कोनाला उलटेल, हे गुरुत्वाकर्षणावर अवलंबून नसतं. गुरुत्वमध्य किती उंच आहे आणि चाकांमधलं अंतर किती आहे, एवढ्यावरच ते ठरतं. पृथ्वीवर जी गाडी ज्या उतारावर उलटेल, ती चंद्रावरही तिथेच उलटेल. तेव्हा ‘वजन कमी आहे, चालून जाईल’ हा भरवसा इथेही कामाचा नाही. रुंद आणि बुटकी गाडी तिथेही तितकीच गरजेची.

ओढावं की पाठीवर घ्यावं?

साखर कारखान्याच्या हंगामात पश्चिम महाराष्ट्रातल्या रस्त्यावर तुम्ही गेला असाल, तर उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर नक्की पाहिला असेल. चढावर ट्रॅक्टरची पुढची चाकं उचलली जातात आणि बघणाऱ्याचा जीव वर-खाली होतो. शेतात पकड मिळावी म्हणून कित्येक शेतकरी ट्रॅक्टरच्या मागच्या टायरांत पाणी भरतात. चाकावर वजन पडलं की चाक घसरत नाही, हे त्यांना पुस्तकात वाचावं लागत नाही.

हेच गणित चंद्रावर मांडू. आपलं तीन टनांचं वाहन, मागे बारा टनांची ट्रॉली. पकड वजनाच्या निम्मी, मातीचा विरोध एक पंचमांश. म्हणजे वाहन स्वतःला चालवून वर जे ओढू शकेल ते त्याच्या वजनाच्या तीन दशांश. तीन टनांचे तीन दशांश म्हणजे ०.९. ट्रॉलीला हवेत बारा टनांचा पाचवा हिस्सा, म्हणजे २.४. चाकं जागच्या जागी फिरतील आणि गाडी खड्डा खणत बसेल. ट्रॉली हलवायची तर आठ टनांचा ट्रॅक्टर हवा.

इथे नीट लक्ष द्या. हे प्रमाण पृथ्वीवरच्या वाळूतही असंच येतं, कारण गुरुत्वाकर्षण दोन्ही बाजूंना सारखंच कमी होतं. फरक एवढाच की पृथ्वीवर आपल्याकडे डांबरी रस्ता असतो, ज्यावर विरोध नगण्य होतो, आणि टायरात भरायला फुकटचं पाणी असतं. चंद्रावर रस्ता नाही आणि ट्रॅक्टरमधला प्रत्येक जास्तीचा किलो पृथ्वीवरून न्यायचा आहे.

आता तेच बारा टन ट्रॉलीऐवजी वाहनाच्या पाठीवर ठेवा आणि सगळ्या चाकांना मोटारी लावा. सामानाचं वजनच पकड देऊ लागतं. उपलब्ध जोर साडेसात, लागणारा तीन. उरलेल्या जोरावर हे वाहन सोळा-सतरा अंशांचा चढही चढेल. ओझं अडचण न राहता मदतनीस झालं. म्हणून अवजड ग्रहवाहनांचा पहिला नियम असा: ओझं ओढू नका, पाठीवर घ्या आणि एकही चाक फुकट फिरू देऊ नका. अपोलोच्या गाडीतही चारही चाकांना स्वतंत्र मोटार होती.

छ्याऐंशी चाकांची गाडी

पाठीवर घेतलं की दुसरं संकट येतं. जमीन.

मऊ जमिनीवर वाहन कसं चालतं, याचं स्वतंत्र शास्त्र उभं करण्यात एम. जी. बेकर यांचा मोठा वाटा आहे. पोलंडमध्ये जन्मलेले हे अभियंते पुढे अमेरिकेत आले. ‘थिअरी ऑफ लँड लोकोमोशन’ हे त्यांचं पुस्तक १९५६ चं. जनरल मोटर्सच्या संशोधनशाळेत त्यांनी आणि हंगेरीतून आलेल्या फेरेंक पाव्हलिच यांनी अपोलोच्या गाडीचं चाक घडवलं. रबर नाही, हवा नाही. पोलादी तारांची विणलेली जाळी आणि तिच्यावर टायटॅनियमच्या पट्ट्या. व्यास सुमारे ८२ सेंटिमीटर. भरलेली गाडी असूनही ही चाकं सरासरी सव्वा सेंटिमीटरच्या आसपासच रुतायची.

त्या गाडीच्या प्रत्येक चाकावर १७५ किलो वस्तुमान होतं. आपल्या पंधरा टनांच्या गाडीलाही चाकामागे तेवढाच भार ठेवायचा, तर चाकं किती लागतील? छ्याऐंशी.

मोठी चाकं घेतली तर? दुप्पट मोठं चाक जमिनीला साधारण चौपट जागेवर टेकतं, तिप्पट मोठं नऊपट. म्हणजे जवळजवळ अडीच मीटर व्यासाची नऊ-दहा चाकं पुरतील. पण ती रॉकेटच्या नळकांड्यात मावायला हवीत, आणि प्रत्येकामागे मोटार, गिअर, सांधा आलाच. मग रणगाड्यासारखा पट्टा का लावू नये? पट्टा भार छान पसरवतो. पण त्यात शेकडो हलते सांधे असतात आणि चंद्रावरची धूळ अशा सांध्यांची वैरी आहे. भर उजाड माळावर पट्टा उतरला, तर तो चढवायला कुणी जाणार नाही.

या सगळ्यामागे जुना वर्ग-घनाचा नियम आहे. गाडी सगळ्या बाजूंनी दुप्पट केली की वस्तुमान आठपट होतं, जमिनीला टेकणारी जागा चौपटच. म्हणून छोटा रोव्हर मोठा करून मालवाहू बनवता येत नाही. उंदराला फुगवून हत्ती होत नाही, हत्तीचे पाय वेगळेच लागतात.

हे दोन्ही नियम घरी करून बघता येतील. मुलांनाही बरोबर घ्या. परातीत बोटभर जाडीचा मैदा पसरा आणि त्यात बॅटरीवर चालणारी खेळण्यातली गाडी सोडा. आधी काड्यापेटीत नाणी भरून ती दोऱ्याने गाडीच्या मागे बांधा. मग तीच नाणी गाडीच्या टपावर चिकटवा. ओढताना जिथे चाकं नुसती फिरत होती, तिथे टपावरचं ओझं घेऊन गाडी पुढे सरकण्याची शक्यता बरीच जास्त. आता टपावरची नाणी एकेक वाढवत जा. एका क्षणी चाकं रुतून बसतील. या दोन टोकांमध्ये वाट काढणं हेच अवजड वाहनाच्या अभियंत्याचं काम.

मातीही हलकी होते

आणखी एक गोष्ट बरीच वर्षं दुर्लक्षित राहिली. रोव्हरची चाचणी घेताना अभियंते पृथ्वीवर त्याचं वजन सहावा हिस्सा करतात, म्हणजे हलकी प्रतिकृती बनवून ती वाळूत चालवतात. पण इथली वाळू तर पृथ्वीच्याच गुरुत्वाकर्षणाने घट्ट दाबलेली असते. चंद्रावर वाळूचे कणही हलके असतात, एकमेकांवर कमी दाबले जातात, चाकाखालून सहज सरकतात. विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठातल्या अभियंत्यांनी २०२५ मध्ये संगणकावर कणाकणाचं गणित मांडून दाखवलं, की यामुळे पृथ्वीवरच्या चाचण्या खऱ्यापेक्षा गुलाबी चित्र दाखवतात. इथे सहज चालणारी गाडी तिथे रुतू शकते.

रुतणं म्हणजे काय, हे मंगळावरच्या स्पिरिटने दाखवून दिलं आहे. मे २००९ मध्ये तो वरून कडक दिसणारी पापडी फोडून खालच्या भुसभुशीत मातीत अडकला. त्याचं एक चाक आधीच बंद पडलेलं होतं. पृथ्वीवर त्याच मातीची नक्कल करून महिनोन्‌महिने उपाय शोधले गेले. तो निघाला नाही. मार्च २०१० नंतर त्याच्याशी संपर्कही झाला नाही. स्पिरिट दोनशे किलोंच्या आतला होता आणि ठरलेल्या ९० दिवसांच्या कितीतरी पट काम करून बसला होता, म्हणून आपण हळहळलो आणि पुढे गेलो. पण बारा टनांचं घर वस्तीपासून अर्ध्या वाटेवर असं रुतलं तर? त्यात राहायला निघालेल्या माणसांचं काय? अशा गाडीच्या आराखड्यात ‘रुतली तर’ या प्रश्नाचं उत्तर पहिल्या पानावर हवं.

चाक आणि पाय एकत्र

या प्रश्नाचं सगळ्यात धाडसी उत्तर नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत ब्रायन विल्कॉक्स यांच्या गटाने तयार केलं. त्याचं नाव अ‍ॅथलीट. कोळ्यासारखे सहा पाय आणि प्रत्येक पायाच्या टोकाला एक चाक. जमीन बरी असेल तिथे चाकांवर गडगडत जायचं. माती फारच मऊ लागली की चाकांना ब्रेक लावायचा आणि चाकांचेच तळवे करून एकेक पाय उचलत चालत बाहेर पडायचं.

यातली खरी हुशारी अशी की रुतल्यावर बाहेर पडायची सोय हाताशी असल्यामुळे चाकं सगळ्यात वाईट जमिनीसाठी मोठी करावी लागत नाहीत. नेहमीच्या जमिनीला पुरतील एवढी छोटी ठेवता येतात. त्यात जे वजन वाचतं, ते पायांच्या खर्ची पडतं.

अ‍ॅथलीटचं दुसरं काम होतं सामान उतरवून घेण्याचं. त्या काळच्या कॉन्स्टेलेशन कार्यक्रमातल्या आल्टेअर यानाचं सामान दोन मजल्यांच्या उंचीवर राहणार होतं. तिथे क्रेन कुठून आणणार? २००९ मध्ये तयार झालेल्या दुसऱ्या नमुन्याचे दोन तुकडे होत, प्रत्येकी तीन पायांचे. दोघे सामानाच्या फळीच्या दोन बाजूंना येऊन तिला जोडले जात आणि मिळून सहा पायांचं वाहन तयार होई. वस्तीवर पोहोचलं की फळी खाली ठेवून दोघे पुन्हा सुटे. २०१० मध्ये कॉन्स्टेलेशन कार्यक्रम रद्द झाला आणि अ‍ॅथलीट चंद्रावर जायचा राहून गेला. कल्पना मात्र रद्द झाली नाही.

आज कॅलिफोर्नियातली अ‍ॅस्ट्रोलॅब ही कंपनी फ्लेक्स नावाची गाडी बनवते आहे. ती सामानाच्या दोन्ही बाजूंना चाकं ठेवून उभी राहते, खाली वाकते, सामान पोटाशी धरते आणि वर उठून चालू लागते. न्हावाशेवा बंदरात कंटेनरांच्या रांगेवर पाय फाकून उभ्या असलेल्या टायरांच्या क्रेन पाहिल्या असतील, तर हे चित्र लगेच डोळ्यांपुढे येईल. ओझं खाली, दोन्ही बाजूंच्या चाकांमध्ये राहतं, त्यामुळे गुरुत्वमध्यही खाली राहतो. सामान म्हणून दीड टनापर्यंत उचलण्याचा तिचा इरादा आहे. बारा टनांपासून ती अजून दूर आहे, पण दिशा तीच आहे.

उंचीचा प्रश्न मात्र वाढलाच आहे. स्पेसएक्सचं चांद्रयान पन्नासेक मीटर उंच असणार आहे. त्यातून माणसं आणि सामान उतरवायला बाहेरच्या बाजूने लिफ्ट लागेल. लिफ्टमध्ये मावेल तेवढाच सामानाचा आकार, हे बंधन गाडीच्या आराखड्यावरही येणार.

जेसीबी तिथे का चालणार नाही?

पृथ्वीवरच्या अवजड यंत्रांची सगळी मदार हायड्रॉलिक्सवर आहे. जेसीबीचा हात तेलाच्या दाबावर हलतो. चंद्रावर विषुववृत्ताजवळ दिवसा तापमान १२० अंशांच्या घरात जातं आणि रात्री उणे १७० अंशांच्या खाली, आणि तिथली रात्र पृथ्वीवरच्या चौदा दिवसांएवढी. तेल एकदा पातळ होणार, एकदा गोठणार, आणि सील जरासं उसवलं की निर्वातात उडून जाणार. म्हणून तिथे विजेच्या मोटारी, मोठ्या गुणोत्तराचे गिअर आणि मॉलिब्डेनम डायसल्फाइडसारखी कोरडी वंगणं यांवरच काम भागवावं लागतं. रबरही त्या थंडीत काचेसारखं ठिसूळ होतं. त्यामुळे टायर धातूचेच. नासाच्या ग्लेन केंद्रात निकेल-टायटॅनियमच्या तारांचे टायर तयार झाले आहेत. दगडावर चढताना ते पार दबतात आणि पुन्हा मूळ आकारात येतात.

धूळ हा वेगळाच त्रास. चंद्रावर वारा-पाऊस नसल्याने कणांच्या कडा झिजत नाहीत, काचेच्या चुऱ्यासारख्या धारदार राहतात. अपोलो १७ मध्ये गाडीचा मडगार्ड तुटला आणि अंतराळवीर धुळीने माखू लागले. त्यांनी नकाशे चिकटपट्टीने जोडून नवा मडगार्ड केला आणि काम निभावलं. लुनोखोद-२ चा अंतही धुळीनेच झाला. १९७३ मध्ये एका विवरात त्याचं झाकण भिंतीला घासलं, त्यावरची माती उष्णता बाहेर टाकणाऱ्या पृष्ठभागावर सांडली आणि यंत्र आतून तापून बंद पडलं.

शेवटी रस्ताच लागतो

अवजड वाहनांबद्दल आपल्याला सगळ्यात मोठा धडा चंद्रावर नाही, फ्लोरिडातच मिळतो. केनेडी अंतराळ केंद्रात रॉकेट उभंच्या उभं तळावर नेणारी क्रॉलर नावाची दोन अजस्र वाहनं १९६५ पासून आहेत. प्रत्येकाचं स्वतःचं वस्तुमान सुमारे २,७०० टन, आठ पट्टे, आणि भार घेतल्यावर वेग ताशी जेमतेम दीड किलोमीटर. उड्डाणतळाच्या चढावरही रॉकेट सरळ उभं राहावं म्हणून ते आपली पाठ सपाट ठेवत चढतं. तरीही एवढं वाहन साध्या जमिनीवर चालत नाही. त्याच्यासाठी खोल भराव घालून, वर नदीतल्या गोट्यांचा थर देऊन खास वाट बांधलेली आहे.

चंद्रावरही हिशेब तिथेच येऊन थांबतो. मातीचा विरोध एक पंचमांशावरून एक विसांशावर आणता आला, तर तेच तीन टनांचं वाहन बारा टनांची ट्रॉली ओढू शकेल, बॅटरी छोटी होईल, धूळ कमी उडेल आणि रुतण्याची भीती जाईल. रस्ता करायला लागणारी माती तिथे हवी तेवढी आहे. युरोपीय अंतराळ संस्थेच्या एका प्रकल्पात २०२३ मध्ये चांद्रमातीसारखी भुकटी लेसरने वितळवून एकमेकींत अडकणाऱ्या, सुमारे वीस सेंटिमीटरच्या फरश्या बनवून दाखवल्या. मोठ्या भिंगाने सूर्यप्रकाश एकवटूनही हे करता येईल, अशी त्यामागची कल्पना आहे.

मग पहिल्या खेपांत काय पाठवायचं, याचा क्रम बदलतो. आधी घर आणि मग ते हलवायला वाहन, असं जमणार नाही. आधी हलकी खोदयंत्रं आणि जमीन दाबणारी यंत्रं, मग वाट, मग सामान पाठीवर घेणारं सावकाश वाहन, आणि सगळ्यात शेवटी घर. आपल्याकडे धरण बांधताना सिमेंटच्या आधी रस्ता पोहोचतो, तसंच.

तेव्हा यापुढे चंद्रावरच्या घरांची सुंदर चित्रं पाहाल, तेव्हा घराभोवतीची जमीनही जरा न्याहाळा. तिथे चाकोरी दिसते का, गाडी कुठे उभी आहे, घर उतरवलं कशाने? चित्रकार हे सोडून देऊ शकतो. पण तिथे राहायला जाणाऱ्यांची गाडी याच शेवटच्या टप्प्यावर अडणार किंवा चालणार आहे.